गिझर, मोटर आणि मोबाइल

सकाळी ८
पिशवीत आधी क्लॅम्प मीटर, टेस्टर, पक्कड. वायरलेस मॉड्यूलं सगळ्यात शेवटी. पुण्यात हल्ली ‘घर मोबाइलवर करून द्या’ म्हणून फोन येतात. अ‍ॅप कुठलं, हे सगळे विचारतात. लोड किती, हे मलाच विचारावं लागतं.

९.३०, कोथरूड
काकूंच्या मुलानं गिझरसाठी १० अँपिअरचा वायफाय प्लग मागवून लावलाय. गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. २३० व्होल्टला हिशेब पावणेनऊ अँपिअरच्या आसपास जातो. “मग बसतंय की दहाच्या आत!” काकू म्हणतात. छापील आकड्यात बसतं. पण गिझर मिक्सरसारखा मिनिटभर चालून थांबत नाही, सलग ओढतो. अशा लोडला मी रेटिंगच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ देत नाही. प्लग उपसून दाखवला: फेजची पिन काळपट, भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडून किंचित बसलेलं, जळका वास. बोर्ड उघडला तर आत तारही दीड चौरस मिलिमीटरची, दिव्यांची. इथे नुसता प्लग बदलून भागायचं नाही. एमसीबीपासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट, आणि गिझरसाठीच बनवलेलं मॉड्यूल.

टायमर किती लावायचा? पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटला साधारण अठरा-वीस मिनिटं लागतात. अर्धा तास पुष्कळ झाला.

१२, प्रभात रस्ता
बंगल्यातली एक एचपीची पाण्याची मोटर. चालताना सहा अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. ‘१६ अँपिअर’ लिहिलेल्या छोट्या रिलेचा तो आकडा बहुधा हीटरसारख्या लोडसाठी असतो. मोटरच्या झटक्यानं त्याचे पॉइंट चिकटतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि मोटर चालूच राहते. टाकी वाहते, खाली पाणी संपलं तर पंप कोरडा फिरतो. म्हणून वायरलेस मॉड्यूलला फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे कॉइलनं चालणाऱ्या दणकट स्विचची, कॉइल चालवू देतो, मोटर कॉन्टॅक्टर सांभाळतो. कॉन्टॅक्टर घेतानाही एसी-३ चा आकडा बघायचा, तो मोटरसाठीचा.

२
डबा.

३, सदाशिव पेठ
जुनी इमारत. स्विचबोर्डात फेज येतो आणि दिव्याकडे जातो, न्यूट्रल नाहीच. बिनन्यूट्रलची मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट सोडून जगतात. पाच वॅटचा एलईडी रात्री मिणमिणत राहतो. त्यावर दिव्याजवळ कपॅसिटर लावावा लागतो. पंख्याला दिव्याचा डिमर मी लावत नाही, मोटर घुमते.

भिंती जाड, राउटर दिवाणखान्यात. इथे वायफायपेक्षा झिगबीची वायरलेस मॉड्यूलं बरी, कारण विजेवर चालणारी बहुतेक मॉड्यूलं निरोप पुढे ढकलतात. बॅटरीवरचे सेन्सर ते काम करत नाहीत. इथल्यांच्या भाच्यानं अमेरिकेहून आणलेली झेड-वेव्ह या दुसऱ्या वायरलेस पद्धतीची डबी मात्र मी परत देतो. ती ९०८ मेगाहर्ट्झवर बोलते, आपल्याकडे ८६५ ते ८६८ चा पट्टा मोकळा आहे. शिवाय डबी १२० व्होल्टची.

बेडरूमच्या एसीला प्लग नको. चालता कॉम्प्रेसर पुरवठा तोडून थांबवणं मला पटत नाही. रिमोटची नक्कल करणारी इन्फ्रारेड डबी पुरते.

६.३०
आता माझी परीक्षा. मेन पाडतो, पुन्हा चढवतो. लाईट येताच हीटर आणि मोटर बंदच राहायला हव्यात. कपडे वाळत घातलेल्या खोलीत हीटर आपोआप पेटलेला मला चालणार नाही. मग राउटर बंद करतो आणि घरातल्या आजोबांना भिंतीवरचं बटण दाबायला सांगतो. पंखा फिरतो. जे बटण इंटरनेटशिवाय चालत नाही ते म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी बसवत नाही, मग ते कितीही स्वस्त असो.

एमसीबींच्या पेटीच्या (डीबी) दाराच्या आत मार्करनं लिहितो: कोणतं मॉड्यूल कोणत्या एमसीबीवर. पुढच्या वायरमनला ते लागेल.