ठिणगीची झीज

विठ्ठलवाडी स्थानकाच्या एका अंगास कल्याण पूर्व आणि दुसऱ्या अंगास उल्हासनगरचे कॅम्प. या टापूत दुकान, गोदाम, मंदिर आणि घर यांच्यातील अंतर क्वचितच दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जाते, आणि ते दिवसातून आठ-दहा वेळा स्कूटरवरून किंवा रिक्षाने कापले जाते. जवळच्या आगारातील डिझेल एसटी गाड्यांना स्पार्क प्लग लागत नाही; तेथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. पेट्रोल व सीएनजीवरील वाहनाला मात्र ठिणगीवाचून गती नाही. गाडी चालते आहे तोवर प्लग कशाला बदलायचा, हा प्रश्न काटकसरी घरात स्वाभाविक आहे. परंतु प्लग दिव्याप्रमाणे एका क्षणी विझत नाही, तो हळूहळू झिजतो, आणि त्या काळात होणारे नुकसान पेट्रोलच्या खर्चात मिसळून जाते.

प्लगच्या मध्यभागी पांढऱ्या चिनी मातीसारख्या ॲल्युमिनाच्या नळीतून एक धातूची कांडी खाली येते. तिच्यासमोर बाहेरच्या कवचाला जोडलेली वाकडी पट्टी असते. दोहोंमध्ये साधारण पाऊण मिलिमीटरची फट. या फटीतून हजारो व्होल्टच्या दाबाने वीज उडी घेते, तीच ठिणगी. प्रत्येक उडीबरोबर धातूचा डोळ्यांना न दिसणारा कण वितळून वा वाफ होऊन निघून जातो. त्यातच इंजिनाची धग आणि जळलेले वायू धातू गंजवत राहतात. शंभर सीसीची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने, मिनिटाला ४,५०० फेरे घेत चालते असे धरले, तर चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने दहा हजार किलोमीटरमध्ये तीन कोटींहून अधिक ठिणग्या पडतात. कित्येक दुचाकींत प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. तेथे हा आकडा दुप्पट होतो.

झिजण्याचे दोन परिणाम एकदमच होतात. फट रुंदावते, आणि कांडीच्या तीक्ष्ण कडा गोल होतात. वीज टोकावरून सहज सुटते, गोल पृष्ठावरून सुटण्यास तिला अधिक दाब लागतो. तो दाब पुरवताना इग्निशन कॉइलवर ताण येतो. चढावर किंवा वेग वाढवताना एखादी ठिणगी चुकते आणि न जळलेले पेट्रोल धुराड्याकडे जाते. त्याची वाफ पुढे हवेत मिसळते. वायुकाय जीवांचा विचार करणाऱ्या कुटुंबाला हा धूरही खर्चाच्या बाजूलाच मांडावा लागेल.

जवळच्या फेऱ्यांचे दुखणे वेगळे. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले म्हणजे त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. दुकान ते स्थानक एवढ्याच प्रवासात ते तापतच नाही. काजळी साठून वीज फट ओलांडण्याऐवजी त्या काळ्या थरावरून निसटते. म्हणजे कमी धावलेल्या गाडीचा प्लगही लवकर निकामी होऊ शकतो. उलट टोक ८५० अंशांच्या आसपास वा पलीकडे गेले, तर ठिणगीआधीच इंधन पेटते आणि पिस्टनला धोका पोचतो. प्लगचे ‘गरम’ व ‘थंड’ प्रकार यासाठीच असतात. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका तो थंड, बॉशच्या प्लगवर नेमके उलट. म्हणून आकडा जुळतो एवढ्यावरून एका कंपनीच्या जागी दुसरीचा प्लग बसवू नये.

ज्यांनी दोन-स्ट्रोक स्कूटर चालवल्या त्यांना डिकीतला प्लगपाना आणि कागदात गुंडाळलेला जादा प्लग आठवत असेल. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जळून प्लग काळाठिक्कर पडे आणि पावसात रस्त्याच्या कडेला तो पुसणारा गृहस्थ हे नित्याचे दृश्य होते. पेट्रोलमधील शिशाचीही त्यात भर असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि तो एक थर कमी झाला.

रिक्षावाल्यांची अडचण आता सीएनजीची आहे. या वायूचे मिश्रण पेटण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक विद्युतदाब लागतो, त्यामुळे फट रुंदावलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा चालतो, पण सीएनजीवर लगेच झटके देऊ लागतो. इरिडियमचा प्लग घ्यावा का, हा पुढचा प्रश्न. निकेल १,४५५ अंशांवर वितळते, इरिडियम २,४४६ अंशांवर. म्हणून त्याची कांडी अगदी बारीक ठेवता येते आणि ती टिकतेही. दिवसभर धावणाऱ्या वाहनाला हा हिशेब परवडण्यासारखा आहे. महिन्याला दीडशे किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला साधा प्लग वेळेवर बदलणे पुरते. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

व्यापाऱ्याशी खरा संबंध येतो तो नकली प्लगमध्ये. उल्हासनगरच्या मालाविषयी महाराष्ट्रभर विनोद चालतात. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्यांनी १९४९ पासून येथे शून्यातून बाजार उभा केला, हे पाहता ते विनोद बहुधा अन्यायाचेच आहेत. बनावट सुटे भाग कोणत्याही मोठ्या शहरात मिळतात. पण पेटी हुबेहूब आणि आतला माल हलका, असा प्लग कमी भावात दुकानात आला म्हणजे मोह होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना खोट्या मापांबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ही गणला आहे: अस्सल म्हणून नक्कल खपवणे. सुटे भाग विकणाऱ्या पेढीला यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही. आणि येथे गिऱ्हाइकाचे केवळ पैसे जात नाहीत. हलक्या प्रतीची नळी तडकली तर तिचा तुकडा सिलिंडरमध्ये पडतो आणि शे-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी इंजिन उघडावे लागते. आतला रेझिस्टर गाळलेला असेल, तर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत गडबड उडते.

घेणाऱ्याने आटे सफाईने कापलेले आहेत का, कांडी पट्टीच्या बरोबर मध्यावर आहे का, नळीवरील छपाई नखाने खरवडून निघते का, हे पाहावे आणि बिलावर प्लगचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. जुना प्लग काढताना इंजिन थंड असू द्यावे. निघालेला प्लग लगेच टाकू नये. बिस्किटी रंग इंजिन ठीक असल्याचे सांगतो, कोरडी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे, तर तेलकट ओल रिंगा गेल्याची शंका निर्माण करते. सीएनजीवर रंग फिकट असतो, त्याची चिंता नको. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा, टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा द्यावा. गॅरेजमधला पोरगा सगळा जोर लावू लागला, तर त्याला थांबवावे. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की ते काम प्लगच्या किमतीत होत नाही.