पाटी कोरी नसलेल्यांची पुस्तकं

हिंजवडीत दहा वर्षं जावा लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला नव्या प्रकल्पासाठी पायथन शिकायला सांगितलं, की बहुधा एखादं जाडजूड पुस्तक उघडलं जातं. सुरुवातीची बरीच पानं व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कशाला म्हणतात, हे समजावण्यात खर्ची पडलेली असतात. वाचणाऱ्याला ते सगळं येतं, म्हणून तो पानं भराभर उलटतो आणि त्याच्या कामाची ओळ नेमकी तिथेच निसटते. उणे ७ ला २ ने पूर्णांकात भागलं तर जावा उणे ३ देते, कारण ती अपूर्णांकाचा भाग सरळ छाटून टाकते. पायथनचा पूर्णांक भागाकार मात्र खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणून उत्तर उणे ४ येतं. प्रोग्रॅम अडत नाही, तक्रारही करत नाही. हिशेब तेवढा चुकतो. नवशिक्याचं इथे फारसं बिघडत नाही, कारण मोडायला त्याच्या डोक्यात आधीचा नियमच नसतो.

अनुभवी माणसाला अनोळखी गोष्टींपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टी जास्त फसवतात, म्हणून त्याचं पुस्तक वेगळं हवं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १८ प्रोग्रॅमिंग भाषांबद्दल स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारले गेलेले ४५० प्रश्न तपासले. त्यांत २७६ ठिकाणी अडचणीचं मूळ आधीच्या भाषेतून आलेल्या चुकीच्या गृहीतकात सापडलं. अडलेल्यांचेच प्रश्न तपासल्यामुळे या आकड्यावरून सगळ्या प्रोग्रॅमरांबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, पण अडणारे कुठे अडतात हे त्यातून पुरेसं दिसतं.

हे ओळखून लिहिलेली पुस्तकं आहेत, आणि ती नवी टूम नाही. कर्निगन आणि रिची यांचं ‘सी’वरचं १९७८ सालचं पुस्तक वाचकाला प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आहे असं धरूनच चालतं, म्हणून तर ते सव्वादोनशे पानांच्या आसपास आटोपलं. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरोल निकोल्स यांचं रस्टवरचं पुस्तक, जे इंटरनेटवर फुकट वाचता येतं, वाचकाने दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत कोड लिहिला आहे हे गृहीत धरतं आणि चौथं प्रकरण पूर्णपणे मालकीच्या कल्पनेला देतं. जावामध्ये एक ऑब्जेक्ट दुसऱ्या नावाला दिला तर दोन्ही नावं त्याच ऑब्जेक्टकडे निर्देश करतात. रस्टमध्ये स्ट्रिंग दुसऱ्या नावाला दिली की मालकी तिकडे जाते, आणि जुनं नाव पुन्हा वापरलं तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. मालकी कुठल्या ओळीवर गेली तेही सांगतो. असा कंपायलर अर्धा शिक्षकच म्हणायचा.

यावर कोणी म्हणेल, फरकांवर भर दिला तर माणूस नव्या भाषेतही जुनीच भाषा लिहीत राहील. ‘जावात हे, पायथनमध्ये ते’ अशा तक्त्यांच्या पुस्तकांबाबत हा आक्षेप खरा आहे. गो या भाषेच्या निर्मात्यांनी ‘इफेक्टिव्ह गो’ या दस्तऐवजात सुरुवातीलाच बजावलं आहे, की सी प्लस प्लस किंवा जावातला प्रोग्रॅम जसाच्या तसा गोमध्ये उतरवून चांगलं काही हाती लागण्याची शक्यता कमी. फरकामागचं कारण सांगितलं तरच तो उपयोगी पडतो. लुसियानो रामाल्हो यांचं ‘फ्लुएंट पायथन’ जाडजूड असूनही याच कारणाने वाचनीय आहे. दुसरा आक्षेप अधिक आजचा: कोड लिहून देणारी एआयची साधनं हाताशी असताना वाचायचं कशाला? पण मिळालेला कोड बरोबर आहे की नाही, हे शेवटी वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि उणे ३ ची सवय असलेल्या डोळ्याला तो भागाकार निर्धोकच दिसणार.

मग पुस्तक पारखायचं कसं? अनुक्रमणिकेपेक्षा भागाकार, समानता, नावाला किंमत देणं अशा साध्या विषयांची पानं आधी उघडावीत. तिथे फक्त खुणांची यादी असेल तर पुस्तक ठेवून द्यावं. सालही पाहावं. मार्क पिलग्रिम यांचं २००४ सालचं ‘डाइव्ह इंटू पायथन’ अनुभवी वाचकासमोर आरंभीच एक पूर्ण चालता प्रोग्रॅम ठेवतं आणि मग त्याची फोड करतं. रीत उत्तम, पण त्यातली भाषा पायथन २ आहे. तिथे ७ भागिले २ म्हणजे ३, तर पायथन ३ मध्ये साडेतीन. त्यांनीच २००९ साली पायथन ३ साठी वेगळं पुस्तक काढलं. घ्यायचं तर ते घ्यावं.