अंक आणि तालीम

सकाळी ६.१५. डिचोली. मास्तर मुद्रितं तपासायला बसलेत. निवृत्त शिक्षक, दिवाळी अंकाचे संपादक, वर जत्रेच्या नाटकांचे लेखक. ओळीखाली पट्टी धरूनच वाचतात, नाहीतर चूक निसटते. पहिल्याच पानावर ‘कि’ तीनदा. लाल पेन चालतं.

८.००. नातीचा लेख आलाय. विषय तोशिओ सुझुकी. १९७८ साली निघालेल्या ‘अ‍ॅनिमेज’ या जपानी मासिकाचा हा संपादक. मियाझाकींची चित्रकथा ‘नौसिका’ १९८२पासून त्याच मासिकात क्रमशः आली, १९८४मध्ये तिचा चित्रपट झाला. पुढे सुझुकी घिबली स्टुडिओत निर्माता झाला. मास्तर चष्मा काढतात. “ह्याच्या जाहिराती कोण आणायचं गं?”

१०.३०. बाजार. हार्डवेअरवाला पाव पानाचे हजार कबूल करतो, पाचशे देतो. गेल्या वर्षीचे राहिलेत ते राहिलेतच. ट्रकवाल्यांची अर्धी-अर्धी पानं यायची, ती २०१२ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्यावर थांबली.

१.००. डीटीपी. पानाला चाळीस रुपये. चार ओळींच्या कवितेलाही चाळीसच. मास्तर दोन कविता एका पानावर बसवतात. कवींची समजूत नंतर काढू.

५.१५. स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, पेडणे.

७.३०. देवळाचा मंडप. नाटक ऐतिहासिक. नटी बाहेरची, शेवटच्या चार तालमींनाच येणार. बिदागी तेवढ्याचीच परवडते. तोवर तिचे संवाद बारावीतला एक मुलगा वाचतो, न लाजता. राजा दिवसा बसवर कंडक्टर असतो. एका वाक्यावर तो तिसऱ्यांदा अडतो.

“मास्तर, हें जिबेर बसना.”

वाक्य असं: ‘याच सिंहासनाच्या पायरीशी माझ्या पित्याचं रक्त सांडलं आहे.’ मास्तर वही मांडीवर घेतात, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघतात, खोडतात. वर लिहितात: ‘इथंच मारलं माझ्या बापाला.’ राजा म्हणतो, आणि मागे विड्या ओढणारे गप्प होतात. खोडलेलं वाक्य जास्त भारदस्त होतं, पण ते वाचायचं होतं. हे बोलायचं आहे.

१०.४०. मंडळाचा खजिनदार येतो. लेखकाचं मानधन तीन हजार, प्रयोगाच्या रात्री, शाल-नारळासकट. मास्तर पिशवीतून पावतीपुस्तक काढतात.

“मंडळाचं पाव पान घ्या की अंकात.”

“घेतो. मानधनातून वळते करा हजार.”

मास्तर क्षणभर त्याच्याकडे बघतात. मग कार्बन नीट सरकवून पावती लिहायला घेतात.