योग्या, रुग्णशय्या आणि आंतरजाल
परिचारकांच्या प्रात्यक्षिक शिक्षणाचा विचार

चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चौघांना चरकाचार्यांनी एकाच सूत्रात गुंफले आहे. यांपैकी वैद्याच्या शिक्षणासाठी आज महाविद्यालये आहेत आणि द्रव्याच्या परीक्षणासाठी प्रयोगशाळा आहेत. उपस्थात्याच्या, म्हणजेच परिचारकाच्या शिक्षणाकडे मात्र आपण तितक्या गांभीर्याने पाहिलेले नाही. अनेक लहान पंचकर्म केंद्रांत परिचारक जुन्या सहकाऱ्याचे पाहून पाहूनच शिकतो आणि पहिला बस्ती प्रत्यक्ष रुग्णालाच देतो. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच हे परिचारकाचे चार गुण चरकसंहितेत सांगितले असून त्यांत पहिले स्थान उपचारज्ञतेला आहे, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. हे ज्ञान रुग्णाला धोक्यात न घालता कसे देता येईल आणि त्यासाठी संगणक व आंतरजाल यांचा कितपत उपयोग होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुतोक्त योग्या आणि आधुनिक परिचर्या

रुग्णावर कर्म करण्यापूर्वी प्रतिकृतीवर सराव करावा, हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर, सीवनाचा वस्त्र व मऊ चामड्यावर, तर बंधनाचा मनुष्याकृती बाहुल्यावर करण्यास सांगितले आहे. बस्तिनेत्र प्रवेशित करण्याच्या सरावासाठी पाण्याने भरलेल्या घटाचे पार्श्वछिद्र आणि भोपळ्याचे मुख सुचविले आहे. बहुश्रुत असूनही ज्याने योग्या केलेली नाही, तो कर्मास अयोग्य होय, असा त्या अध्यायाचा आशय आहे.

पाश्चात्त्य परिचर्याशिक्षणात हाच विचार पुढे निराळ्या वाटेने आला. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयात १९११ साली ‘मिसेस चेस’ नावाची पूर्णाकृती बाहुली सरावासाठी आणली गेली. आज या पद्धतीस सिम्युलेशन म्हणतात. त्या देशातील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. दहा शिक्षणसंस्थांतील ६६६ विद्यार्थ्यांनी तो पूर्ण केला. प्रात्यक्षिक तासांपैकी निम्म्यापर्यंतचे तास सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात व कौशल्यात लक्षणीय उणेपणा आढळला नाही. मात्र या निष्कर्षास दोन अटी जोडलेल्या होत्या. शिक्षक त्या पद्धतीत प्रशिक्षित असावा आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर चर्चा व्हावी. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ पासून लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला स्थान दिले आहे.

आंतरजालाची नेमकी जोड

बाहुली महाग असते आणि ती एकाच ठिकाणी असते. आंतरजालामुळे हे दोन्ही अडसर काही अंशी दूर होतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत विद्यार्थ्यांना रुग्णालयांची दारे बंद झाली, तेव्हा जगभरातील परिचर्या विद्यालयांना संगणकावरील आभासी रुग्णांचा मोठा आधार घ्यावा लागला. या साधनांचे तीन उपयोग विशेष आहेत.

पहिला उपयोग पुनरावृत्तीचा. निरूह बस्तीसाठी मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ हे क्रमाने कसे मिसळावे, मिश्रण एकजीव झाल्याची खूण कोणती, हे एकदा दाखवून लक्षात राहत नाही. चित्रफीत मात्र दहा वेळा थांबवून पाहता येते. दुसरा उपयोग निर्णयाच्या सरावाचा. टप्प्याटप्प्याने उलगडणारा रुग्णप्रसंग पडद्यावर मांडला, तर चुकीच्या उत्तराची किंमत रुग्णाला मोजावी लागत नाही. तिसरा उपयोग नोंदींचा. विद्यार्थ्याने काय केले आणि का केले, हे नोंदले गेल्यामुळे नंतरची चर्चा स्मरणावर अवलंबून राहत नाही.

एक नमुना प्रसंग

असा प्रसंग रचणे कठीण नाही. समजा, मधुमेहाच्या आधुनिक गोळ्या घेणारी ५८ वर्षांची स्त्री विरेचनासाठी दाखल आहे. सकाळी विरेचनद्रव्य दिले असून दुपारपर्यंत बारा वेग झाले आहेत. ती म्हणते, “गरगरतंय, जरा संडासला जाऊन येते.” येथे पडदा थांबतो आणि प्रश्न येतो : आता काय कराल?

ज्याने केवळ वेगसंख्या पाठ केली आहे, तो म्हणेल की मध्यम शुद्धीचे वीस वेग अद्याप व्हावयाचे आहेत, तेव्हा वाट पाहू. हा पर्याय निवडताच पुढील पडद्यावर ती स्त्री शौचालयात कोसळलेली दिसते. ज्याने नाडी व रक्तदाब पाहिला, त्यास नाडी द्रुत आणि रक्तदाब ९६/६० असल्याचे कळते. रक्तशर्करेचा आकडा मात्र जो विद्यार्थी मागेल त्यालाच दिसतो. अशा रुग्णेत गरगरण्याचे कारण जलक्षय असेल किंवा घटलेली शर्कराही असेल. ही दुसरी शक्यता सुचणे, हेच या धड्याचे मर्म आहे. अपेक्षित कृतीचा क्रम असा : तिला एकटीला उठू न देणे, आडवे निजविणे, नाडी, रक्तदाब व शर्करा तपासणे आणि त्याच वेळी वैद्यास बोलावणे. वेग मोजणे ही नोंद झाली. रुग्णाकडे पाहणे ही परिचर्या होय.

मर्यादा आणि दक्षता

पडद्यावर स्पर्श शिकता येत नाही. तेलाची उष्णता आपल्या हातावर पाहणे, वृद्ध रुग्णास स्वेदनानंतर आधार देऊन उठविणे, संकोचलेल्या रुग्णाशी बस्तीपूर्वी दोन शब्द बोलणे या गोष्टी रुग्णशय्येजवळच शिकाव्या लागतात. अनुराग हा गुण तर चित्रफितीतून उतरत नाही. म्हणून आंतरजालाचे स्थान रुग्णशय्येच्या आधी आणि नंतर आहे. रुग्णशय्येची जागा त्याने घेऊ नये.

दुसरी दक्षता साहित्याच्या निवडीची. पंचकर्माच्या अनेक चित्रफिती ग्राहकांना आकर्षित करण्यासाठी केलेल्या असतात. त्यांत हस्तप्रक्षालनही दाखवीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साबण व पाण्याने हात धुण्याच्या संपूर्ण क्रियेस ४० ते ६० सेकंद लागतात. चित्रफीत पारखण्याची ही एक सोपी कसोटी आहे. तिसरी दक्षता रुग्णाच्या गोपनीयतेची. शिकविण्यासाठी घेतलेले छायाचित्र भ्रमणध्वनीवरून कोठवर पसरेल, याचा नेम नसतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही केला आहे. तेव्हा लेखी संमती घ्यावीच. शक्यतो चित्रीकरण प्रतिकृतीवर करावे.

औषधालयांची भूमिका

घरी परतलेल्या रुग्णाची परिचर्या कुटुंबीय करतात आणि त्यांच्या शंका प्रथम औषधालयाच्या काउंटरवर येतात. चूर्ण जेवणापूर्वी की नंतर, अनुपान कोणते, कोणत्या लक्षणात औषध थांबवून वैद्यास विचारावे, यांवर दोन मिनिटांच्या मराठी चित्रफिती करून त्यांचा क्यूआर कोड पाकिटावर लावणे औषधालयमालकांना सहज शक्य आहे. मात्र अशी चित्रफीत जाहिरात होऊ नये. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आंतरजालावरील मजकुरालाही विसरता कामा नये. औषधाचा अनिष्ट परिणाम संशयित असल्यास आयुष औषधदक्षता केंद्राकडे नोंद कशी करावी, हेही काउंटरवरील कर्मचाऱ्यास शिकवावे.

समारोप

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एका कर्माची एक तपासलेली चित्रफीत, त्यावर पाच प्रश्न, घट किंवा बाहुलीवर सराव, वैद्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कर्म आणि आठवड्यातून अर्धा तास चर्चा, एवढ्यावर लहान चिकित्सालयातही आरंभ करता येईल. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी प्रत्येकी एक कर्म वाटून घेऊन त्याचे मराठी साहित्य सिद्ध केले, तर ते सर्वांना उपलब्ध होईल. आपल्या परिचारकाने पहिला बस्ती रुग्णाला देण्यापूर्वी तो घटावर दिलेला असावा, एवढा नियम तरी प्रत्येक चिकित्सालयाने स्वतःस घालून घ्यावा.