फुलझाडांचे बी (जुन्नर-आंबेगाव परिसर)

फुलझाडांचे बी : शोभेसाठी, पूजेसाठी किंवा विक्रीसाठी लावल्या जाणाऱ्या फुलझाडांपैकी ज्यांची अभिवृद्धी मुख्यतः बियांपासून केली जाते, त्यांच्या बियांची निवड, पेरणी, साठवण व जतन यांचा विचार या नोंदीत केला आहे. गुलाब डोळे भरून, शेवंती काश्यांपासून आणि निशिगंध कंदांपासून वाढवितात. अशा शाकीय अभिवृद्धीत नवीन झाड मूळ झाडाची हुबेहूब आवृत्ती असते. झेंडू, ॲस्टर, तेरडा, कोंबडा, गुलबाक्षी, गोकर्ण, गुलखैरा इ. झाडांच्या बाबतीत मात्र प्रत्येक पिढी नव्या बियांपासून सुरू होते. हे बी मूळ झाडासारखेच निपजेल की नाही, हे त्या जातीतील परागण कसे होते व बी सरळ वाणाचे आहे की संकरित वाणाचे आहे, यांवर अवलंबून असते. घरचे बी धरणाऱ्या बागायतदाराच्या यशापयशाचे मूळ बहुधा याच गोष्टीत असते.

परिसर : पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेले आहेत. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडे पर्जन्यमान झपाट्याने घटत जाते. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांमुळे बागायती क्षेत्र वाढले. टोमॅटो, कांदा, बटाटा व द्राक्षे यांच्या जोडीने येथे झेंडू, शेवंती व ॲस्टर ही फुलपिके घेतली जातात. येथील फुले पुण्याच्या गुलटेकडी बाजारात, मुंबईत दादरच्या फूलबाजारात आणि माळशेज घाटमार्गे कल्याणच्या बाजारात जातात. नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

इतिहास : या भागाचा परदेशी वनस्पतींच्या बियांशी संबंध जुना आहे. मुंबई सरकारने पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये वनस्पतिउद्यान सुरू केले. ॲलेक्झांडर गिब्सन हे १८३८ मध्ये त्याचे अधीक्षक झाले. त्यांच्याच देखरेखीखाली जुन्नरजवळील हिवरे येथेही सरकारी बाग होती व तीत मुख्यत्वे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. नवीन वनस्पतींचे बी व रोपे वाढवून त्यांचा प्रसार करणे, हे या बागांचे एक काम होते. दापोडीची बाग पुढे बंद झाली व पुण्यातील गणेशखिंड येथे १८७३ मध्ये नवे वनस्पतिउद्यान स्थापन झाले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ या नावाने ओळखले जाणारे ॲस्टरचे पांढरे, गुलाबी व जांभळे वाण याच गणेशखिंड येथील संशोधन केंद्रात तयार झाले.

आज पूर्णपणे देशी वाटणारी अनेक फुले वास्तविक बाहेरून आलेली आहेत. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू (टॅजेटस इरेक्टा) मूळचा मेक्सिकोतील असून तो पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आला, असे मानले जाते. त्याला ‘आफ्रिकन’ हे विशेषण लागले असले, तरी त्याचे मूलस्थान आफ्रिका नव्हे. गुलबाक्षी अमेरिका खंडातील आहे, तर ॲस्टर (कॅलिस्टेफस चायनेन्सिस) चीनमधील आहे. याउलट तेरडा हा येथील असून पावसाळ्यात तो सह्याद्रीच्या उतारांवर रानोमाळ फुलतो. काही घराण्यांत गौरी तेरड्याच्याच असतात. या सर्व झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या परसात धरले गेले आणि घरोघरी देवघेवीने पसरले. त्यातून स्थानिक हवामानास रुळलेले, रंग-आकारांत विविधता असलेले वाण टिकून राहिले.

परागण व बियांचा शुद्धपणा : झेंडूचे ‘फूल’ म्हणजे वस्तुतः अनेक लहान फुलांचा स्तबक हा फुलोरा असतो. त्यातील कडेची जिभेसारखी किरण पुष्पके स्त्रीलिंगी, तर मधली नळीसारखी बिंब पुष्पके द्विलिंगी असतात. दाट, गेंदेदार फुलात बहुतेक पुष्पके किरण प्रकारची असल्याने पराग थोडा किंवा मुळीच नसतो. अशा फुलाचे बी शेजारच्या झाडांवरून मधमाश्यांनी आणलेल्या परागावर अवलंबून असते. त्यामुळे उत्तम गेंदेदार फूल बियांसाठी राखले, तरी शेजारी एकेरी किंवा वेगळ्या रंगाचा झेंडू असल्यास पुढील पिढीत भेसळ दिसते. लहान लहान शेतांच्या या प्रदेशात झेंडूचे बी शुद्ध राखणे त्यामुळेच कठीण जाते.

ॲस्टरमध्ये स्वपरागणाचे प्रमाण बरेच अधिक असते. त्यामुळे सरळ वाणाचे बी, भेसळीची झाडे वेळीच उपटून टाकल्यास, अनेक वर्षे घरी धरता येते. गोकर्णाचीही स्थिती अशीच असते. गुलबाक्षीत लाल व पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केल्यास गुलाबी फुले येतात. त्या गुलाबी झाडांच्या बियांपासून मात्र लाल, गुलाबी व पांढरी अशी तिन्ही प्रकारची झाडे सुमारे १ : २ : १ या प्रमाणात मिळतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या आपल्या आनुवंशिकीविषयक संशोधनात या झाडाचा उपयोग केला होता. संकरातून मिळालेला गुण बियांद्वारे जसाच्या तसा पुढे जात नाही, हे परसातील या साध्या झाडावरून स्पष्ट होते.

संकरित व सरळ वाण : बाजारात मोठ्या प्रमाणावर विकले जाणारे झेंडूचे बी पहिल्या पिढीच्या संकरित वाणांचे असते. त्याची झाडे सारख्या उंचीची व एकाच सुमारास फुलणारी असून फुले टपोरी असतात. मात्र या झाडांपासून धरलेल्या बियांत गुणांची विभागणी होऊन उंची, रंग, फुलण्याचा काळ व गेंदेदारपणा यांत फरक पडतो. संकरित बी तयार करताना नरवंध्य मातृवाण वापरतात. झेंडूच्या काही नरवंध्य वाणांत पाकळ्याच नसतात आणि हा गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो. असा मातृवाण वापरलेल्या संकरिताचे बी घरी धरल्यास पुढील पिढीत सुमारे एक चतुर्थांश झाडांना बिनपाकळ्यांची, म्हणजेच बाजारात मोल नसलेली फुले येऊ शकतात. टॅ. इरेक्टा व टॅ. पॅट्युला यांच्या संकरापासून मिळणारी त्रिगुणित झाडे तर वंध्य असल्याने त्यांना बी धरत नाही. म्हणून बी राखावयाचे असल्यास ते सरळ वाणाचेच राखावे लागते. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे ‘पुसा नारंगी गेंदा’ व ‘पुसा बसंती गेंदा’ हे सरळ वाण होत.

पेरणी व रोपे : झेंडूच्या एक ग्रॅम वजनात सुमारे ३०० बिया असतात. पेट्यूनियाचे बी इतके बारीक असते, की एका ग्रॅमात सुमारे १०,००० बिया भरतात. ते मातीने न झाकता ओल्या पृष्ठभागावर हलकेच दाबतात, कारण त्याला रुजण्यास उजेड लागतो. गोकर्णाचे बीजावरण कठीण असल्याने बी किंचित घासून किंवा रात्रभर पाण्यात भिजवून पेरतात. झेंडू व ॲस्टर यांसाठी सुमारे १ मी. रुंद व १५ ते २० सेंमी. उंच गादीवाफे तयार करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळतात. बी ओळींत पेरून चाळलेल्या खताच्या पातळ थराने झाकतात व झारीने पाणी देतात. झेंडूचे बी चार ते सात दिवसांत उगवते. पाणी साचल्यास रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. त्यासाठी वाफ्याचा निचरा उत्तम असणे व पेरणी विरळ असणे आवश्यक असते. झेंडूची रोपे २५ ते ३० दिवसांत, तर ॲस्टरची सुमारे ४० ते ४५ दिवसांत पुनर्लागवडीस येतात. लागवड सायंकाळी करून लगेच पाणी देतात. अलीकडे रोपवाटिकांतून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढविलेली रोपे विकत घेण्याची पद्धत या भागात रूढ झाली आहे. तीमुळे श्रम वाचतात व मरतूक घटते. मात्र बागायतदाराचा बियांशी असलेला प्रत्यक्ष संबंध त्यामुळे कमी होतो.

सणांचा हिशेब : झेंडूच्या पिकाचे उत्पन्न बव्हंशी दसरा व दिवाळी यांवर अवलंबून असते. उंच झेंडूला पुनर्लागवडीनंतर सुमारे ५५ ते ६५ दिवसांनी फुले येतात. म्हणजे रोपवाटिकेतील काळ धरून बी सणापूर्वी सुमारे तीन महिने पेरावे लागते. दसरा चांद्र पंचांगाप्रमाणे येत असल्याने त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. तो २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला व २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आला. अधिक मास असलेल्या वर्षी तो पुन्हा पुढे जातो. गेल्या वर्षीच्या तारखेस पेरणी करणाऱ्याचे पीक त्यामुळे सणानंतर फुलण्याचा संभव असतो. बियांच्या भेसळीमुळे फुलण्याचा काळ विस्कळीत झाल्यासही हेच नुकसान होते. संकरित बियांना मिळणाऱ्या पसंतीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

बी धरणे व साठवण : दसऱ्याच्या पिकातून बी धरणे सामान्यतः इष्ट नसते. परतीच्या पावसात फुले भिजून त्यांत बुरशी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या पिकाचे बी कोरड्या हिवाळी हवेत पक्व होत असल्याने ते अधिक चांगले असते. एक-दोन उत्तम झाडांचेच बी घेतल्यास परपरागित जातीत पुढे जोम कमी होतो. म्हणून अपेक्षित गुणांची शक्य तितकी अधिक, किमान पन्नासएक झाडे निवडून खुणेची दोरी बांधून ठेवतात. एकेरी, रोगट व विजोड झाडे फुलण्याच्या प्रारंभीच उपटतात, कारण उशीर झाल्यास त्यांचा पराग पसरलेला असतो. शुद्धतेसाठी इतर झेंडूपासून काही शेकडो मीटर अंतर राखणे अथवा लागवडीच्या वेळेत फरक ठेवणे हे उपाय आहेत. थोड्या झाडांवर कीटकरोधक जाळी घालून हाताने परागण करता येते. पाकळ्या व फुलाचा देठ तपकिरी होऊन वाळल्यावर फुले खुडून सावलीत सुकवितात. तेरड्याची फळे पक्व होताच तडकून बी दूर फेकतात. म्हणून ती तडकण्यापूर्वीच काढून पातळ कापडात वाळवितात.

बियांतील ओलावा व साठवणीतील उष्णता हे उगवणक्षमतेचे मुख्य शत्रू होत. सर्वसाधारण ठोकताळ्याप्रमाणे बियांतील ओलावा १ टक्का किंवा साठवणीचे तापमान ५° से. कमी केल्यास बियांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. पूर्ण वाळलेले बी घट्ट झाकणाच्या डब्यात, वाण व वर्ष लिहून, थंड जागी ठेवतात. ॲस्टरचे बी अल्पायुषी असते. झेंडूचे बीही शक्यतो पुढील एक-दोन वर्षांत वापरतात. पेरणीपूर्वी १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभरात किती रुजतात हे पाहिल्यास बियांचे प्रमाण ठरविता येते.

इतर उपयोग व धोके : झेंडूच्या मुळांतील द्रव्ये काही सूत्रकृमींना मारक असतात. टोमॅटोच्या दर १४ ते १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ सापळा पीक म्हणून लावल्यास फळ पोखरणारी अळी काही अंशी तिकडे वळते. त्यासाठी झेंडूची रोपे टोमॅटोच्या रोपांपेक्षा जास्त वयाची असावी लागतात. ॲस्टरवरील मर रोगाची बुरशी जमिनीत दीर्घकाळ राहत असल्याने तेच पीक त्याच जागी पुनःपुन्हा घेत नाहीत. शोभेचे बी सर्वत्र निरुपद्रवी असते असेही नाही. मेक्सिकोकडील पिवळा कॉसमॉस बागांतून निसटून पुणे परिसरातील टेकड्यांवर व रस्त्यांच्या कडेस तणाप्रमाणे पसरला आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५) असल्याने अशा झाडांचे बी तिकडे न टाकणे श्रेयस्कर होय.

जतन : वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, त्याची देवघेव करण्याचा व ते विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी व्यापारी नाममुद्रेखाली विकता येत नाही. शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची नोंदणी करण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. हा हक्क प्रत्यक्षात उपयोगी पडावयाचा, तर राखण्याजोगे बी शिल्लक असले पाहिजे. संकरित वाणाचे बी राखून उपयोग होत नाही आणि जुना सरळ वाण एक-दोन वर्षे पेरला गेला नाही, तर त्याचे बी उगवणक्षमता गमावते. विक्रीच्या पिकासाठी संकरित बी घेतानाच परसात किंवा बांधावर जुन्या वाणांची थोडी झाडे दरवर्षी लावून त्यांचे बी धरल्यास हे वाण टिकून राहतात. भावी वाणनिर्मितीसाठी लागणारी विविधताही त्यांतूनच उपलब्ध होते.