‘नो कॉमेंट्स’ म्हणण्याचा हक्क

आज खरं म्हणजे कॉनकॉलमधल्या प्रश्नोत्तरांची पाळी होती. तिमाही निकालानंतरच्या त्या तासाभरात विश्लेषक काय विचारतात आणि कंपनी कशाला बगल देते, ते सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. मधल्या काळात साताऱ्याच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं, आणि त्यांचा प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा निघाला की तो बाजूला ठेवून दुसरं काही लिहवेना.

त्यांच्याकडे एका मध्यम आकाराच्या औषध कंपनीचे शेअर होते. कंपनी आपला एक मोठा विभाग विकणार, अशी बातमी एका अर्थविषयक दैनिकात आली. भाव चढला. एक्स्चेंजनं खुलासा मागितला. कंपनीनं कळवलं की बाजारातल्या तर्कवितर्कांवर आम्ही भाष्य करत नाही. बातमीत दम नाही, असा बाईंनी त्याचा अर्थ लावला आणि चढलेल्या भावात शेअर विकून टाकले. थोड्याच दिवसांत विक्रीचा करार जाहीर झाला, भाव आणखी वर गेला. त्या विचारतात, ‘हे खोटं बोलणं नव्हे का?’

खोटं नव्हे, पण एका अटीवर. ती अट समजून घ्यायची तर अमेरिकेतल्या एका जुन्या खटल्याकडे जावं लागतं. गुंतवणूकदार-संपर्काचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तो वाचलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

बेसिक इन्कॉर्पोरेटेड नावाची एक कंपनी होती. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लागणारे उष्णतारोधक पदार्थ बनवणारी, फारशी कुणाच्या चर्चेत नसलेली. कम्बश्चन इंजिनिअरिंग या मोठ्या कंपनीला ती विकत घ्यायची होती. १९७६च्या सप्टेंबरपासून दोघांच्या गाठीभेटी आणि फोन सुरू झाले. शेअरच्या उलाढालीत हालचाल दिसू लागली, तसे प्रश्न आले. १९७७ आणि १९७८ या दोन वर्षांत बेसिकनं तीन वेळा जाहीरपणे सांगितलं, की विलीनीकरणाची कोणतीही बोलणी चाललेली नाहीत, शेअरमध्ये एवढी हालचाल का आहे ते आम्हाला माहीत नाही. मग १८ डिसेंबर १९७८ रोजी कंपनीनं न्यूयॉर्क एक्स्चेंजला आपले व्यवहार थांबवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळानं शेअरमागे ४६ डॉलरचा देकार मान्य केला, आणि २० तारखेला तो जाहीर झाला.

पहिल्या इन्कारापासून व्यवहार थांबेपर्यंतच्या काळात ज्यांनी शेअर विकले होते, ते कोर्टात गेले. म्हणजे आपल्या साताऱ्याच्या बाईंसारखीच माणसं. कंपनीचा बचाव असा, की बोलणी प्राथमिक होती, किंमत आणि सौद्याची रचना ठरलेली नव्हती, त्यामुळे ती ‘महत्त्वाची माहिती’ ठरतच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये हा बचाव मानला नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राचा आशय असा, की एखादी गोष्ट महत्त्वाची आहे की नाही हे दोन बाजूंनी तोलायचं. ती घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर कंपनीवर तिचा परिणाम केवढा. छोट्या कंपनीच्या आयुष्यात विकलं जाणं ही सर्वांत मोठी घटना. तेव्हा शक्यता थोडी असली तरी ती बोलणी महत्त्वाची असू शकतात. करार पक्का झाला नव्हता, एवढ्या आधारावर ‘काहीच चाललेलं नाही’ म्हणण्याची मोकळीक मिळत नाही.

इथवरचा भाग कायद्याच्या वर्गात सगळेच शिकतात. मला मोह आहे तो निकालपत्रातल्या एका तळटीपेचा. क्रमांक १७. सांगण्याचं बंधन नसेल तर गप्प राहणं ही दिशाभूल नव्हे, आणि ‘नो कॉमेंट’ म्हणजे गप्प राहण्याचाच एक प्रकार, असं न्यायालय तिथं म्हणतं. पण मग एका आक्षेपाची दखल घेतं. ‘नो कॉमेंट’ म्हटलं की बाजार समजून जातो, काहीतरी शिजतंय. न्यायालयाचं उत्तर असं, की कंपनी एरवी, बोलणी नसताना, प्रामाणिकपणे इन्कार करत असेल आणि बोलणी असतानाच तेवढी ‘नो कॉमेंट’ म्हणत असेल, तर ते खरं ठरेल. दुसरं धोरण ठेवायला कंपन्या मोकळ्या आहेत. कोणतं धोरण ठेवावं, हे सांगण्याच्या भानगडीत मात्र न्यायालय पडत नाही.

माझ्या मते गुंतवणूकदार-संपर्काचं निम्मं शास्त्र या तळटीपेत आलं. गप्प राहण्याचा हक्क अडचणीच्या दिवशी मिळत नाही. तो आधी, काहीही लपवायचं नसताना, साठवावा लागतो.

प्रत्यक्षात हे किती अवघड आहे ते सांगतो. संध्याकाळी साडेसहाला वार्ताहराचा फोन येतो. तुमची कंपनी अमुक कारखाना विकतेय म्हणे? त्या दिवशी कंपनीत खरोखर असलं काही नसतं. ‘छे हो, काहीतरीच काय’ म्हणणं किती सोपं! वार्ताहर खूश, बातमी मेली, वरिष्ठांना त्रास नाही. मी काम केलं त्या ठिकाणी हा मोह आम्हाला पुन्हा पुन्हा होई. वरून निरोपही यायचा, ‘सांगून टाका ना, नाहीये तर नाहीये.’ पण आज खरा इन्कार केला, की सहा महिन्यांनी खरी बोलणी चालू असताना तोच वार्ताहर तोच प्रश्न विचारतो. तेव्हा तुमच्यापुढे दोनच वाटा. खोटा इन्कार करा, म्हणजे बेसिकच्या जागी जाऊन बसा. किंवा ‘नो कॉमेंट्स’ म्हणा, आणि मागच्या वेळी नाही म्हणणारे आज गप्प का, याचं उत्तर बाजाराला फुकट देऊन टाका. म्हणून खोट्या अफवेलाही तेच उत्तर द्यायचं, जे खऱ्या बातमीला द्यायचं. त्या दिवशी ते कोरडं आणि उद्धट वाटतं. तरी द्यायचं.

आता भारताकडे येऊ, कारण आपल्याकडे गेल्या काही वर्षांत हा हक्कच आक्रसला आहे, आणि मला ते योग्य वाटतं. बाजार नियामक सेबीची २०१५ची लिस्टिंग नियमावली, जिला सगळे एलओडीआर म्हणतात, तिच्या तिसाव्या नियमात आधी एवढंच होतं, की माध्यमांत आलेल्या वृत्ताला कंपनी स्वतःहून दुजोरा देऊ शकते किंवा इन्कार करू शकते. म्हणजे वाटलं तर. २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. मोठ्या कंपन्यांना आता ‘वाटलं तर’ उरलेलं नाही. दुजोरा, इन्कार किंवा स्पष्टीकरण, यांपैकी एक द्यायचंच, तेही चोवीस तासांत. अंमलबजावणी लांबत लांबत गेली. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून हा नियम लागू झाला.

नियमाची घडण बारकाईनं पाहण्यासारखी आहे. कुणीही काहीही पसरवलं म्हणून कंपनीनं धावायचं नाही. बातमी मुख्य प्रवाहातल्या माध्यमात आलेली हवी. ती मोघम नको, विशिष्ट घटनेबद्दलची हवी. आणि तिच्यामुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झालेली हवी. चोवीस तास मोजायचे ते या हालचालीपासून. टेलिग्रामवरच्या टिपा आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप याच्या बाहेर राहतात. काहींना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायचं ठरवलं, तर अफवा सोडणाऱ्याच्या हाती कंपनीचं तोंड उघडायची किल्लीच दिल्यासारखं होईल.

कंपन्यांची खरी भीती पैशाची होती. समजा, एक कंपनी दुसरीत मोठा हिस्सा घेण्याच्या बोलण्यांत आहे. बातमी फुटली, कंपनीनं दुजोरा दिला, भाव उसळला. आता ओपन ऑफरची, म्हणजे इतर भागधारकांना द्याव्या लागणाऱ्या देकाराची, किमान किंमत ठरवताना जे निकष लावतात, त्यांत आधीच्या ६० व्यवहार-दिवसांतल्या भावांची भारित सरासरीही असते. उसळलेले दिवस तीत धरले, तर खरं बोलल्याची शिक्षा म्हणून सौदाच महागतो. सेबीनं यावर तोड काढली ती मला फार आवडते. मुदतीत दुजोरा दिला, तर बातमी आणि दुजोरा यांच्यामुळे झालेला चढउतार किंमत काढताना वगळायचा. खरं सांगायची सक्ती करताना, खरं सांगितल्यानं होणारं नुकसानही दूर केलं. नियम कसा लिहावा याचा हा नमुना आहे.

बाईंची कंपनी पहिल्या अडीचशेत नाही, म्हणून ही सक्ती तिला लागू नव्हती. पण याच तिसाव्या नियमात आणखी एक कलम आहे, आणि ते लहानमोठ्या सर्व लिस्टेड कंपन्यांना लागू आहे. एक्स्चेंजनं विचारलेल्या प्रश्नाला नेमकं आणि पुरेसं उत्तर दिलं पाहिजे. वार्ताहराला ‘नो कॉमेंट्स’ म्हणणं वेगळं आणि एक्स्चेंजला तेच वाक्य पाठवणं वेगळं. पहिला हक्क आहे, दुसरी टाळाटाळ आहे. त्या कंपनीचं उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं, असं माझं मत आहे. विभागाच्या भवितव्याबाबत वेगवेगळे पर्याय पाहिले जात आहेत, निर्णय झालेला नाही, झाला की कळवू, एवढं तिला लिहिता आलं असतं. एवढ्यानं सौदा बिघडला नसता.

काही धंद्यांत गप्प राहण्याची सोयच नसते. बँक हा त्यातला पहिला. सप्टेंबर २००८ मध्ये लीमन ब्रदर्स कोसळली आणि आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठल्या. बँकेनं आकडा दिला, की ब्रिटनमधल्या आपल्या उपकंपनीकडे लीमनचे ५.७ कोटी युरोचे रोखे आहेत. एवढ्या मोठ्या बँकेच्या मानानं ही रक्कम किरकोळ होती. तरीही महिनाअखेर काही ठिकाणी एटीएमपुढे रांगा लागल्या, आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावं लागलं, की या बँकेकडे पुरेसं भांडवल आणि रोखता आहे. आकडा दिलेला असूनही हे का लागलं? कारण अडचणीतली बँकही ‘आम्ही ठणठणीत आहोत’ असंच म्हणेल, हे ठेवीदाराला कळतं. अशा वेळी ज्याचा स्वार्थ नाही अशा तिसऱ्यानं बोलावं लागतं. कंपनीचं काम त्या तिसऱ्याला लवकरात लवकर खरे आकडे पोचवण्याचं.

गप्प राहता येणं आणि गप्प राहण्याची सोयच नसणं, या दोन्हींच्या मधलं, सर्वांत नाजूक उदाहरण इन्फोसिसचं. २१ ऑक्टोबर २०१९. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान, म्हणून मुंबईचे बाजार बंद. त्या दिवशी व्यवस्थापनाविरुद्धची निनावी तक्रार उघड झाली, आणि पहिला घाव न्यूयॉर्कमधल्या एडीआरवर, म्हणजे कंपनीच्या शेअरच्या तिथल्या ठेव-पावत्यांवर, बसला. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे शेअर सुमारे १६ टक्के कोसळला. अध्यक्ष नंदन निलेकणी यांनी निवेदन दिलं, त्यात तारखा होत्या. एका संचालकाकडे तक्रारी ३० सप्टेंबरला पोचल्या, लेखापरीक्षण समितीपुढे १० ऑक्टोबरला आणि बिगर-कार्यकारी संचालकांपुढे ११ ऑक्टोबरला मांडल्या गेल्या. आणि तिमाही निकालही ११ तारखेलाच लागले होते.

एक्स्चेंजनं विचारलंच, की हे आधी का कळवलं नाही. माझं मत असं, की सिद्ध न झालेली निनावी तक्रार आली त्याच दिवशी जाहीर करणं बरोबर नव्हतं. तसं केलं तर कुणीही चार ओळी खरडून कंपनी पाडेल. पण फुटल्यानंतरचा पहिला दिवस गोलमोल शब्दांत न घालवता तारखा लगेच द्यायला हव्यात. निलेकणींच्या निवेदनात त्या होत्या, म्हणून ते मी नव्या मुलांना वाचायला देतो. तारीख दिली की ती पुढे कुणालाही तपासता येते, आणि कंपनीलाही ती बदलता येत नाही. समितीचा निष्कर्ष १० जानेवारी २०२० रोजी पुढच्या तिमाही निकालाबरोबर आला. आर्थिक गैरव्यवहाराचा पुरावा नाही, असा.

आता बाईंसाठी. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या पानावर जुन्या घोषणा साठवलेल्या असतात. त्यांत ‘स्पष्टीकरण’ या सदरातली मागच्या चारपाच वर्षांची पत्रं काढा आणि एका बैठकीत ओळीनं वाचा. प्रत्येक अफवेला कंपनीनं हेच उत्तर दिलं असेल, तर तिच्या गप्प राहण्यातून ‘हो’ किंवा ‘नाही’ असा कोणताच अर्थ काढू नका. मात्र आधीच्या अफवांचा तिनं ठणकावून इन्कार केलेला असेल आणि याच वेळी भाष्य टाळलं असेल, तर तिनं तुम्हाला त्या दिवशी बरंच काही सांगितलं होतं. काय सापडतं ते मला जरूर कळवा.

कॉनकॉल पुढच्या आठवड्यात, नक्की.