घोड्याचे तोंड आणि दाबाचे गणित

ठाण्यात किंवा डोंबिवलीत लग्नसराईत वरातीचा घोडा तुम्ही नेहमी पाहता. पुढच्या वेळी त्याच्या झुलीकडे न पाहता तोंडाकडे पाहा. लगामाचे पट्टे ओठांच्या कोपऱ्यांशी जिथे पोहोचतात, तिथून तोंडात एक आडवी धातूची दांडी गेलेली दिसेल. तिला आपल्याकडे जुना शब्द आहे कडियाळे. घोडेस्वारी शिकवणारे तिला 'बिट' म्हणतात. कधी कधी या दांडीला काटे असतात. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी १९६५ साली झालेल्या नियमांनी काटेरी कडियाळ्यावर बंदी आहे, तरी ते अजून सापडते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: घोडा आवरत नाही!

हाच विचार, जरा सभ्य रूपात, चांगल्या घोडेस्वारांच्याही मनात येतो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत भारतीय चमूने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाजमध्ये घोडा स्वाराच्या अगदी हलक्या इशाऱ्यावर ठरलेल्या चाली करून दाखवतो. त्या चमूचे घोडे शर्यतीचे नव्हते. पण आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा येतो तो महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड.

या घोड्याची अडचण समजून घ्या. शर्यतीत जॉकी आखूड लगाम ताणून धरतो आणि घोडा कडियाळ्यावर रेलून धावतो. लगाम ताणला म्हणजे 'रेल आणि पळ' असे तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो. ड्रेसाजचा स्वार मात्र लगाम ओढतो तो 'सावकाश' म्हणायला! घोडा अधिकच रेलतो, स्वाराचे हात भरून येतात, आणि कोणीतरी सल्ला देतो, "याला कडक बिट लावा."

आता थोडे गणित करू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, दोन्ही हातांनी मिळून ४ किलोग्रॅम वजनाइतका ताण दिला आणि दांडी ४ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅम. दांडी बारीक असून १ चौरस सेंटिमीटरवरच टेकली, तर तोच ताण चौपट बोचेल. घरी करून पाहा: एक लिटर पाण्याची बाटली आधी रुंद नाडीने आणि मग बारीक दोऱ्याने बोटाला टांगा. दोरा फार वेळ ठेवू नका.

काही कडियाळ्यांना बाजूला लांब दांडे असतात आणि हनुवटीखाली साखळी. हा सरळसरळ तरफेचा प्रकार. वरचा दांडा ५ सेंटिमीटर, खालचा १० असेल, तर साखळीवर लगामाच्या दुप्पट बल येते. मग तोंडातल्या दांडीवर किती? माझे विद्यार्थीही इथे हमखास 'दुप्पट' म्हणतात. बलांचा समतोल मांडा: उत्तर तिप्पट! आणि जबडा या दोहोंमध्ये दाबला जातो.

मग जाड दांडी घातली की झाले? तसेही नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या हिरडीला मोकळी जागा असते. कडियाळे तिथे बसते. पण मिटलेले तोंड जिभेनेच भरलेले असते. हिलरी क्लेटन यांनी १९८० च्या दशकात क्ष-किरणांनी हलती चित्रे घेऊन तोंडातले कडियाळे तपासले. लगाम ताणला की दांडी जिभेत रुतताना दिसते. फार जाड दांडी मावणार कुठे? म्हणून सामान्यतः १४ ते १८ मिलिमीटर जाडीची घेतात. रुंदी दोरीने मोजावी. ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या अंतराहून सुमारे अर्धा सेंटिमीटर जास्त असली म्हणजे कोपरे चिमटत नाहीत आणि दांडी इकडेतिकडे सरकतही नाही.

मधोमध एकच सांधा असलेली दांडी दोन्ही लगाम ओढल्यावर अडकित्त्यासारखी मिटते. मधे लहानसा चपटा तुकडा असून दोन सांधे असतील, तर ती जिभेवर जास्त सारखी पसरते. निवृत्त घोड्यासाठी मी तरी सुरुवात हिच्यापासूनच करीन. तरफ नको, साखळी नको. कड्या जखडलेल्या असल्या तर दांडी तोंडात स्थिर राहते, आणि बिचकणाऱ्या घोड्याला ते बरे पडते.

त्याआधी दात तपासून घ्यायला हवेत. पहिल्या दाढेच्या पुढे कित्येक घोड्यांना एक छोटा दात असतो. त्यावर दांडी आपटत राहिली, तर कोणतेही कडियाळे त्याला दुखणारच, आणि आपण समजणार की घोडा हट्टी आहे. मग प्रयोगशाळेतला नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. आज कडियाळे बदलले तर तोंडावरचा पट्टा आणि स्वार तेच ठेवा, आणि काही दिवस नोंद करा. तोंड उघडतो का, मान झटकतो का, जीभ दांडीवरून काढतो का? घोडा शांतपणे चघळत, लगाम सैल सोडल्यावर मान खाली लांबवू लागला, तर कडियाळे मानवले असे धरायला हरकत नाही.